केडगांवची पंडिता आणि परदेशाचा अभ्यास

पदवीपरीक्षेच्या वर्गांत 'जगाच्या एका विभागाचा अभ्यास' म्हणून जो विषय शिकविला जातो, तो शिकवितां शिकवितां आमच्या आयुष्याचीं पंचवीस वर्षें निघून गेलीं. विभाग कधीं अमेरिका असे, कधीं पश्चिम आशिया, कधीं आग्नेय आशिया. परंतु शिकविण्याची तऱ्हा मात्र एकच. प्रथम त्या मुलुखाची राज्यघटना, मग तेथील पक्ष, मग परराष्ट्रनीति, आणि वर्षाअखेर वेळ उरलाच तर दोन तास धर्म व संस्कृति. आम्ही टिपणें सांगतों, मुलें तीं उतरून घेतात, आणि परीक्षेच्या दिवसांत तींच टिपणें उत्तरपत्रिकांतून आमच्याकडे परत येतात. ह्या व्यवहारांत कोणाचेंच नुकसान होत नाहीं, अशी आमची पुष्कळ दिवस समजूत होती.

आमचें महाविद्यालय शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांतील मुलांवर चालतें. घोड आणि भीमा ह्या नद्यांच्या कांठच्या शेतकऱ्यांचीं हीं मुलें. कोणी न्हावऱ्याचा, कोणी पाटसचा, कोणी यवतचा. रांजणगांवीं गणपतीच्या जोडीला आतां औद्योगिक वसाहतहि झाली आहे. तेथें कोरियन व इटालियन कंपन्यांचे कारखाने असून ह्याच मुलांचे थोरले भाऊ तेथें पाळीवर जातात. परंतु कोरियांत कोणता धर्म चालतो, तेथील लोकांनीं राज्यक्रांति केव्हां केली, ते घरांत कोणास मान देतात, असें विचारलें कीं सारा वर्ग स्तब्ध होतो. दोष मुलांचा नव्हे. आम्हीं तरी त्यांस तें कधीं सांगितलें होतें?

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. अमेरिकेच्या राज्यपद्धतीवर व्याख्यान चाललें होतें आणि नित्याप्रमाणें आम्ही टॉकव्हिल ह्या फ्रेंच गृहस्थाचें नांव घेतलें. हा गृहस्थ १८३१ सालीं अमेरिकेंत गेला, उणींपुरीं नऊ महिने हिंडला, आणि 'अमेरिकेंतील लोकशाही' हा ग्रंथ त्यानें १८३५ व १८४० सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. परक्या देशाचा अभ्यास कसा करावा ह्याचा हा वस्तुपाठ होय, असें आम्ही मोठ्या डौलानें सांगितलें. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलीनें उठून विचारलें, "सर, आपल्यापैकीं कोणी असें पुस्तक लिहिलें नाहीं का?" "नाहीं," आम्ही म्हणालों. मुलगी थोडी घुटमळली आणि म्हणाली, "आमच्या केडगांवच्या पंडिताबाईंनीं लिहिलें आहे असें ऐकलें होतें." वर्गांत कोणी हंसलें नाहीं, पण आम्हांस मात्र घाम फुटला. कारण त्या पुस्तकाचें नांव आम्हांस आमच्या विद्यार्थिदशेपासून ठाऊक होतें. आम्हीं तें उघडून पाहिलें नव्हतें इतकेंच.

त्या दिवाळीच्या सुटींत पंडिता रमाबाईंचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हें १८८९ सालीं निघालेलें पुस्तक आम्हीं अथपासून इतिपर्यंत वाचलें. त्या वाचनाचें फळ वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

रमाबाईंचें चरित्र वाचकांस थोडेंबहुत ठाऊक असेल. म्हणून तें लवकर आटोपतों. १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं बायकोस व मुलीस संस्कृत शिकविलें म्हणून त्यांस लोकापवाद सोसावा लागला. सारें कुटुंब पुराणें सांगत देशभर पायीं हिंडलें, आणि दुष्काळांत आईबाप दोघेंहि गेलीं. १८७८ सालीं कलकत्त्यास तेथील विद्वानांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढें भाऊ वारला, बंगाली गृहस्थाशीं लग्न झालें, दोन वर्षांच्या आंत वैधव्य आलें, आणि कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन १८८२ सालीं बाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज त्यांनीं त्याच वर्षीं काढला व हंटर कमिशनपुढें साक्षहि दिली. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या आणि तेथें वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत शिकणें व संस्कृत शिकविणें चालू असतां फिलाडेल्फियाहून बोलावणें आलें. आनंदीबाई जोशी ह्या तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून डॉक्टर होणार होत्या, आणि त्या समारंभास रमाबाईंनीं यावें अशी त्या कॉलेजच्या मुख्याधिकारी डॉक्टर रेचेल बॉडली ह्यांची इच्छा होती. ११ मार्च १८८६ रोजीं तो समारंभ झाला. एक महाराष्ट्रीय स्त्री पदवी घेत आहे व दुसरी समोर बसून तें पाहत आहे, हें दृश्य त्या शहरांतच घडावें हा योग मोठा विलक्षण. बरोबर तीन वर्षांनीं, ११ मार्च १८८९ रोजीं, रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें. आनंदीबाई मात्र तोंवर राहिल्या नव्हत्या. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला होता.

समारंभापुरतें गेलेल्या बाई अमेरिकेंत अडीच वर्षांहून अधिक काळ राहिल्या. ह्या मुदतींत त्यांनीं बालोद्यानपद्धतीचें शिक्षण घेतलें, शहरोशहरीं व्याख्यानें दिलीं, मद्यपाननिषेधक स्त्रियांच्या संघटनेची ओळख करून घेतली, आणि १८८७ सालीं फिलाडेल्फिया येथें इंग्रजी भाषेंत 'उच्चवर्णीय हिंदु स्त्री' हें पुस्तक छापून काढलें. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें त्यांच्या कार्यास द्रव्यसाहाय्य करणारी सभा स्थापन झाली. येथपर्यंतची हकीकत सर्व चरित्रकार सांगतात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. दोन वर्षांच्या अंतरानें ह्या बाईंनीं दोन पुस्तकें लिहिलीं. एक आपल्या देशाविषयीं, परक्यांच्या भाषेंत, परक्यांसाठीं. दुसरें परक्यांच्या देशाविषयीं, आपल्या भाषेंत, आपल्यांसाठीं. पहिल्या पुस्तकाचें नांव अजून जगभर घेतलें जातें; दुसरें आमच्यासारख्या शिक्षकांच्याहि मेजावर नसतें. ज्यांच्याकरितां तें लिहिलें त्यांनीं तें वाचलें नाहीं, असा ह्याचा सरळ अर्थ आहे.

आतां तें पुस्तक काय आहे तें सांगतों. आरंभीं समुद्रप्रवास आहे, म्हणून कोणी तें प्रवासवर्णन समजून हातीं घेईल तर त्याची निराशा होईल. प्रवासवृत्त थोडें व लोकस्थिति फार. त्या खंडाचा भूगोल व इतिहास झाल्यावर बाई राज्यपद्धतीकडे वळतात. नंतर घरगुती स्थिति, नंतर शिक्षण, नंतर धर्मपंथ व दानधर्म, नंतर स्त्रियांची स्थिति, आणि अखेर व्यापारउदीम. आम्हांस येथें मोठें नवल वाटलें तें हें कीं, आजच्या अभ्यासक्रमांत ज्या बाबी असतात त्या बहुतेक सर्व ह्या पुस्तकांत आहेत, पण त्यांची मांडणी उलट आहे. आमच्या टिपणांत राज्यघटना अर्धी जागा अडविते. रमाबाईंच्या पुस्तकांत ती एक पायरी असून तिच्यावरून चढून वाचक घरांत, शाळेंत, देवळांत व सभागृहांत जातो. ज्या देशांत राजा नाहीं त्या देशांतील नवरा घरीं कसा वागतो, हा प्रश्न त्यांस राज्यघटनेपासून वेगळा दिसतच नाहीं. इंग्रजांच्या राज्यांत जन्मलेल्या, आणि एका राणीच्या देशांतून थेट प्रजासत्ताक देशांत आलेल्या बाईस हा प्रश्न सुचणें स्वाभाविक होतें. आमच्या टिपणांस तो सुचला नाहीं हें मात्र स्वाभाविक म्हणतां येत नाहीं.

धर्मावरील भाग तर आम्हीं दोनदां वाचला. बाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या; तेव्हां ख्रिस्ती देशाच्या धर्माचें वर्णन करतांना त्या भाट होतील असें वाटण्यासारखें होतें. पण इंग्लंडांतच त्यांचे व वाँटेजच्या धर्मभगिनींचे मतभेद झाले होते. एका पंथाचें मत डोळे मिटून स्वीकारावयास त्या तयार नव्हत्या, आणि त्या वादाचीं पत्रें १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्धहि झालीं आहेत. अमेरिकेंत सरकारी धर्म नाहीं, पंथ मात्र शेंकडों, आणि प्रत्येकास आपल्या देवळाचा खर्च वर्गणीनें भागवावा लागतो. ह्या स्थितीकडे त्या एकाद्या हिशेबनीसाच्या बारकाईनें पाहतात. धर्म म्हणजे केवळ मतें नव्हेत, तर पैसा कोण देतो, बायका कोणतें काम करतात, अनाथांस कोण सांभाळतो, हेंहि धर्माच्याच अभ्यासांत येतें, ही दृष्टि आम्हांस पुष्कळ नामांकित ग्रंथांतूनहि आढळलेली नाहीं.

दोषहि आहेत, आणि ते लपवून ठेवण्यांत बाईंचा गौरव नाहीं. त्यांचा वावर बहुधा सुशिक्षित, सुखवस्तु व धर्मशील स्त्रियांच्या संस्थांत होता. त्यामुळें त्या घरांच्या खिडक्यांतून जेवढी अमेरिका दिसते तेवढी त्यांस अधिक स्पष्ट दिसली. त्या तेथें असतांनाच, मे १८८६ मध्यें, शिकागो शहरीं मजुरांच्या सभेंत बाँब फुटून पुढें कित्येकांस फांशीं देण्यांत आलें. १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांस देशाचें दार बंद झालेंच होतें. आणि १८८७ सालीं मूळच्या रहिवाशांच्या सामाईक जमिनी तोडून वांटण्याचा कायदा झाला. आजच्या विद्यार्थ्यानें ह्या घटना पुस्तकाच्या शेजारीं मांडून तें वाचलें पाहिजे. कौतुकाचा सूर कांहीं ठिकाणीं इतका चढतो कीं आपल्या लोकांस लाजविण्यासाठींच तो लावला आहे हें उघड दिसतें. पण बाई आंधळ्या नव्हत्या. मूळच्या रहिवाशांवर झालेला जुलूम, काळ्या लोकांची गुलामगिरी, आणि ती कायद्यानें सुटल्यावरहि उरलेला वर्णद्वेष ह्यांवर त्यांनीं स्पष्ट लिहिलें आहे. टोप्यांवर मेलेल्या पांखरांचीं पिसें खोवून मिरविणाऱ्या बायकांसहि त्यांनीं सोडलेलें नाहीं. गुलामगिरीविरुद्ध उठलेल्या स्त्रियांतूनच स्त्रियांच्या हक्कांची चळवळ निघाली, ह्या गोष्टीचें मर्म त्यांस जितकें कळलें तितकें टॉकव्हिलास कळणें शक्य नव्हतें. तो पुरुष होता, आणि शिवाय सोळा वर्षें लवकर परतला होता. सेनेका फॉल्सची स्त्रियांची परिषद १८४८ सालची.

येथें शिरूरची आठवण काढणें भाग आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें घातलें, आणि पुढें शिरूरलाहि त्यांचें काम चालू झालें. आमच्या जाती, आमचे सण, आमचे विवाह, आमचे देव ह्यांविषयींचीं टिपणें ह्या लोकांनीं वर्षानुवर्षें मायदेशीं धाडलीं. इंग्रज गॅझेटियरकारानें त्यांच्याच शेजारीं बसून आणखी टिपलें. १८८५ च्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत शिरूरच्या छावणींतील कर्नल वॉलेस ह्याच्या कबरीची नोंद आहे. हा इंग्रज अधिकारी १८०९ सालीं तेथें वारला, आणि आसपासचे गांवकरी त्यास 'सत्पुरुष' मानून सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीस दाखवूं लागले. पाहणारा तो साहेब, व ज्याच्याकडे पाहावयाचें तो शिरूरचा कुणबी, अशी ही वांटणी शंभर वर्षें चालली होती. (कुणब्यानें साहेबासच देव करून ह्या वांटणीचें उत्तर दिलें, असें म्हणण्याचा मोह होतो, पण तो विषय निराळा.) १८८९ सालीं पहिल्यांदांच एका मराठी बाईनें, आणि तीहि विधवेनें, ती वांटणी उलटी केली. अमेरिकन मनुष्य कसा राहतो, काय खातो, कोणास भजतो व कोणास तुडवितो, हें तिनें आपल्या लोकांस सांगितलें.

पुढील इतिहास ह्याहून चमत्कारिक आहे. जगाचे विभाग पाडून त्यांच्या भाषा, राजकारण व धर्म एकत्र शिकण्याची विद्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत वाढली. दक्षिण आशियाचें तसलें पहिलें खातें १९४८ सालीं पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयांत, म्हणजे त्याच फिलाडेल्फियांत, नॉर्मन ब्राऊन ह्या संस्कृतज्ञानें काढलें. एलिनॉर झेलियट ह्या बाईंनीं डॉक्टर आंबेडकर व महार समाजाची चळवळ ह्यांवरील आपला प्रबंध १९६९ सालीं ह्याच विश्वविद्यालयास सादर केला. त्याच सुमारास अमेरिकेच्या मध्यपश्चिमेंतील महाविद्यालयांचीं पदवीवर्गांतील मुलें पुण्यास येऊन मराठी शिकूं लागलीं, पुण्यांतील घरांत राहूं लागलीं, आणि पंढरीच्या वारींतहि चालूं लागलीं. वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा आळंदीचा रस्ता विचारीत हिंडतो, आणि वीस वर्षांचा दौंडचा मुलगा अमेरिकेविषयीं दहा गुणांचें टिपण पाठ करतो, हा फरक केवळ पैशाचा आहे असें म्हणून आम्हीं आजवर समाधान करून घेतलें. रमाबाई अमेरिकेस गेल्या तेव्हां त्यांच्यापाशीं तरी पैसा कोठें होता?

हें पुस्तक वर्गांत यावें असें एकदां सुचविण्यांत आलें होतें, ही गोष्ट आम्ही येथें कबूल करतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका बैठकींत एका तरुण शिक्षकानें ही सूचना मांडली. एक वजनदार गृहस्थ म्हणाले, "बाटलेल्या बाईचें पुस्तक मुलांपुढें कशाला?" बैठकींत कोणी त्यांस उत्तर दिलें नाहीं. आम्हीहि दिलें नाहीं. खरें पाहतां १८९३ सालीं शारदासदनांतील मुली ख्रिस्ती होतात ह्या आरोपावरून 'केसरी'नें जी झोड उठविली, आणि रानडे व भांडारकर ह्यांनीं सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें, त्या प्रसंगीं दोन्ही बाजूंस थोडी तरी विचार करण्याजोगी बाजू होती. आश्रयास आलेल्या मुलींच्या धर्माची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खोटा नव्हता. परंतु त्या भांडणाचा सूड १८८९ च्या पुस्तकावर उगवण्यांत काय न्याय आहे? आम्ही त्या दिवशीं गप्प बसलों तें पुस्तक वाचलें नव्हतें म्हणून. आणि वाचलें नव्हतें तें बहुधा त्याच गृहस्थासारख्या कोणाचें तरी बोलणें लहानपणीं ऐकलें होतें म्हणून.

आतां केडगांवकडे येतों. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराश्रित मुली आणिल्या. पुण्यांत प्लेगची धामधूम, त्यामुळें शहरांत त्यांस ठेवण्याची सोय नाहीं. म्हणून लोहमार्गाच्या कडेस, त्या वेळच्या भीमथडी व सांप्रतच्या दौंड तालुक्यांतील केडगांवीं घेऊन ठेवलेल्या माळरानावर त्यांनीं त्या मुली नेल्या. १८९८ सालीं मुक्तिसदन रीतसर सुरू झालें. विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, घाणा चालविला, आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें, आणि छापखाना काढून तो बायकांच्या हातीं दिला. गुजराथेंतील १९०० च्या दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. एवढा संसार हांकीत असतां ह्या बाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास आरंभिला. कारण, बायबलचें प्रचलित मराठी भाषांतर खेड्यांतील बायांस कळण्याजोगें सोपें नाहीं असें त्यांचें मत. आणि इंग्रजीवरून पुन्हा भाषांतर करणें म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें. संस्कृतांत वाढलेल्या पंडितेस मूळ पाहिल्यावांचून चैन पडणार नाहीं हें उघडच आहे. पश्चिम आशियाच्या धर्माचा अभ्यास पश्चिम आशियाच्या भाषेंतून, आणि तो दौंडच्या माळावर! मनोरमाबाई १९२१ च्या जुलैंत वारल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरहि काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंचा अंत झाला, आणि संबंध बायबल त्यांच्याच छापखान्यांतून १९२४ सालीं बाहेर पडलें. भाषांतर कसें आहे हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. आम्ही त्या धर्माचे नाहीं व हिब्रूचें एक अक्षरहि आम्हांस येत नाहीं. परंतु पन्नाशीच्या सुमारास नवी लिपि गिरवणें म्हणजे काय, हें पन्नाशी उलटलेला शिक्षकच जाणे.

आणखी एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९०५ सालीं केडगांवीं मुलींमध्यें मोठी धर्मजागृति झाली. रात्ररात्र प्रार्थना, रडणें, अंगांत संचार झाल्यासारखी अवस्था. तेथें मिनी एब्रम्स नांवाच्या अमेरिकन बाई काम करीत. त्यांनीं ह्या प्रकाराविषयीं १९०६ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें आणि त्याची एक प्रत दक्षिण अमेरिकेंतील चिली देशीं, वाल्पाराइसो बंदरांत, आपल्या जुन्या मैत्रिणीस पाठविली. त्या मैत्रिणीचे यजमान हूव्हर हे तेथील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. दांपत्यानें पुस्तक वाचलें, १९०९ सालीं त्यांच्या देवळांत तशीच जागृति झाली, मूळ पंथाशीं तंटा होऊन ते बाहेर पडले, आणि चिलीमधील पेंटेकोस्टल पंथाचा पाया पडला. म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या धर्मस्थितीचा प्रामाणिक अभ्यास करणाऱ्या कोणाहि विद्यार्थ्यास नकाशांत केडगांव स्टेशन शोधावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यांस तें शोधावें लागत नाहीं. त्यांची गाडी तेथें रोज थांबते.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही वर्ग घेऊन तेथें गेलों. शिरूरहून न्हावरें, तेथून चौफुला व चौफुल्याहून केडगांव. चौफुल्यास मुलें एकमेकांकडे पाहून कां हंसतात हें ज्यांस तेथील तमाशाचीं थिएटरें ठाऊक आहेत त्यांस सांगावयास नको. जवळच केडगांव बेटांत नारायण महाराजांचें दत्तमंदिर. तेथें कित्येकांच्या घरचे नवस असल्यामुळें प्रथम तें दर्शन झालें, आणि मग सारेजण मिशनच्या आवारांत गेलों. दगडी देवळांत मुलें आपोआप चपला काढून शिरलीं. बाईंच्या कबरीपाशीं कोणी भाषण केलें नाहीं. ज्या मुलीनें तो प्रश्न विचारला होता ती पदवी घेऊन आतां पुढील वर्गांत असते. तीहि मुद्दाम आली होती. तिच्या आजीनें ह्या आवारांतील दवाखान्यांत औषध नेलें होतें, पण पुस्तक लिहिणाऱ्या बाई त्याच, हें आजीस कधीं कोणी सांगितलें नव्हतें.

ह्या वर्षीं आम्हीं टिपणें सांगणें बंद केलें आहे. प्रत्येकानें एक देश घ्यावा आणि रमाबाईंच्या पुस्तकांतील भाग पुढें ठेवून, घर, शाळा, धर्म, बायका, राज्य, व्यापार ह्या क्रमानें त्याविषयीं स्वतःच्या मराठींत लिहावें असें सांगितलें. निकाल संमिश्र आहे. निम्म्यांनीं कोठून तरी उतरून आणलें. रांजणगांवास भाऊ असलेल्या एकानें कोरिया घेतला आणि कारखान्यांतील कोरियन साहेब जेवणाच्या सुटींत काय खातात येथून आरंभ केला, तें आम्हांस आवडलें. केडगांवच्या मुलीनें आपण होऊन चिली घेतला आहे. स्पॅनिश येत नसेल तर पुढें जातां येणार नाहीं, हें तिला दुसऱ्याच आठवड्यांत कळलें. पुण्यांत ती भाषा कोठें शिकवितात ह्याची चौकशी तिनें आमच्याकडे केली; आम्हांस ठाऊक नव्हतें. तिनें तें स्वतःच शोधून काढलें, आणि शनिवारीं सकाळच्या गाडीनें ती आतां केडगांवहून पुण्यास जाते.